हिरव्या लुगड्याला जांभळा पदर

माझ्या लेकीच्या जन्माची एक गोष्ट आमच्या गावात सांगतात. कान्ह्याच्या रेल्वे फाटकाशी रिक्षा अडकली, फाटक काही उघडेना, आणि तिथंच रिक्षात माझ्या आईनं माझं बाळंतपण केलं. आई गावची आशाताई, म्हणजे गरोदर बायकांची नोंद ठेवणारी, त्यांना वेळेवर दवाखान्यात नेणारी बाई. तिनं स्वतःच्या लेकीचं बाळ स्वतःच्या हातांत झेललं, ही गोष्ट सांगायलाही छान आणि ऐकायलाही छान. ऐकणारे ‘धीराची बाई हो’ म्हणतात आणि आई मान खाली घालून हसते. गोष्टीत खोट एवढीच, की बाळ आलं तेव्हा आई माझ्याजवळ नव्हती. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा माझी लेक चांगली तासाभराची झाली होती.

लेक आता सहा वर्षांची आहे. तिचे पुढचे दोन दात पडलेत. माझा राग मात्र आहे तिथंच आहे. आईनं मला फसवलं, हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. आज लिहिलं.

आई आशाताई झाली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आमच्या घरात आईपेक्षा आईचा फोन मोठा. फोन वाजला की तव्यावरची भाकरी तव्यावर, गॅस बंद, पिशवी खांद्याला आणि आई बाहेर. अर्धी कच्ची भाकरी मी कितीदा उलटली असेन. दहावीचा निकाल घेऊन घरी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. आई कुणाच्या तरी जुळ्यांपायी दवाखान्यात होती. गावातल्या बायका मला कौतुकानं सांगायच्या, ‘तुजी आई हाय म्हणून आमाला घोर न्हाई.’ मी हसायचे. घोर आमच्या वाट्याला यायचा.

त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा मनात पहिला विचार आला तो, खरं सांगते, बाळाचा नव्हता. आता आई माझी, असा होता. आता मी पण तिची पेशंट.

माझं सासर वलवणचं. नवरा तिथल्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत दोन्ही घरांना मान्य, म्हणून सातवा संपता संपता आई मला न्यायला आली. सासूबाई म्हणाल्या, इथं मोठे दवाखाने जवळ आहेत, राहू दे की हिला. आईनं त्यांना हसून गप्प केलं. लोणावळ्याहून कान्ह्यापर्यंत गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी विचारलं, ‘आणि ऐन वेळेला तुझा फोन वाजला तर?’

आईनं फोन पर्समधून काढला, माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘तुज्या वेळंला ह्यो तुज्याकडंच ठेव. मी उंबरा वलांडणार न्हाई. शब्द हाय.’

आई सहसा असला शब्द देत नाही. म्हणून मी तो जपून ठेवला.

पुढचे दोन महिने ती माझ्याशी इतकी चांगली वागली की मला संशय यायला हवा होता. दवाखान्यात न्यायची पिशवी तिनं एक महिना आधी भरली. जुन्या सुती साड्या फाडून, उकळून, वाळवून त्यांच्या घड्या केल्या. बाळाला पहिलं कापड जुनंच हवं, मऊ. नव्याची खळ कातडीला टोचते, हे ती सगळ्यांना सांगते. बाळंतविडा, झबली, टोपडी, माझा गाऊन, केसांना बांधायचं फडकं, सगळं त्या एका निळ्या पिशवीत. मी रोज ती पिशवी उघडून बघायचे आणि परत बंद करायचे.

तो रविवार होता. भात कापून झालं होतं, मळणी चालू होती, त्यामुळे सगळा गाव खाचरांत. वडील तळेगावला कंपनीत, पहिल्या पाळीला. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या कमरेत कळ आली. आईनं मला खुर्चीत बसवलं, पोटावर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. तिचा तो हात मला अजून आठवतो. शांत, गार, सगळं कळणारा. तासभर ती तशीच बसून होती. मग म्हणाली, ‘बारा मिन्टांनी येतीया. पहिलटकरीण हायेस, संध्याकाळ तरी व्हईल.’ माझ्या नवऱ्याला तिनं फोन करून सांगितलं, घाई करू नका, पाळी उरकून या.

आणि मग तो फोन वाजला. फोन माझ्याकडे ठेवायचा होता, पण मी तिला नवऱ्याशी बोलायला दिला होता. अगदी दोन मिनिटांसाठी.

वरच्या वाडीवरची बाई होती. तिची तिसरी खेप. कळा जोरात होत्या, घरात म्हातारी सासू सोडून कुणी नव्हतं. आई बोलता बोलता उठली. बोलता बोलता पदर खोचला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला आधीच कळलं होतं.

‘आई, तू शब्द दिलायस.’

‘दिलाय ना. पण तिची तिसरी खेप हाय. ती थांबायची न्हाई, तू थांबशील.’

‘मला कसंतरीच होतंय गं.’

‘व्हणारच. कळा हायेत त्या, गुदगुल्या न्हाईत. चालत राहा, पानी पी. गाडी आलीया, तासाभरात हितं येते.’

तिनं चपला घातल्या. मग परत आत आली. मला वाटलं मन बदललं. तिनं कोपऱ्यातली निळी पिशवी उचलली.

‘त्यांच्याकडं फडकंसुदिक नसंल,’ ती म्हणाली. ‘तुज्यासाठी दुसरी भरते मी, संध्याकाळपातूर.’

आणि ती गेली. उंबऱ्यावरून तिचा उजवा पाय आधी गेला की डावा, तेसुद्धा मी सांगू शकते. उजवा.

पुढचा पाऊण तास मी तिच्या सांगण्याप्रमाणे चालत होते. भिंत धरून, खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत. घड्याळ बघून कळा मोजायच्या म्हटलं तर मोजायला मधे वेळच राहीना. एक कळ संपायच्या आत दुसरी. हंड्यातून पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि पाणमोट फुटली. तांब्याही सुटला. तेवढ्यात मला हसूसुद्धा आलं, की आता पुसायचं तरी कुठलं पाणी. मग आली ती कळ कमरेत नव्हती. ती खाली होती. मी आईला फोन लावला. वाडीच्या चढावर रेंज नसते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी सहा वेळा लावला. ॲम्ब्युलन्सला लावला, तर जवळची एकच गाडी, ती एका पेशंटला घेऊन निघाली होती. त्या पेशंटबरोबर कोण होतं ते मी विचारलं नाही.

मग मी खिडकीचे गज धरून ओरडले. लाज वगैरे सगळी गेली. खाचरं लांब होती, मळणीयंत्राचा आवाज होता. कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते एका बाईनं, जी आमच्या घरावरून रस्त्याकडे चालली होती.

तिला सगळा गाव आत्या म्हणतो. ती गावची लेक; लग्नानंतर वर्षाच्या आत परत आलेली, तेव्हापासून भावाच्या घरामागच्या एका खोलीत राहते. मूलबाळ नाही. दोन म्हशी आहेत. कुणाच्याही गोठ्यात गाय अडली, म्हैस अडली की आत्याला बोलावतात. ती घरंदाज शेतकऱ्यांच्या घरातली आणि आमची वस्ती बौद्धांची. तिनं कधी वाईट शब्द काढला नाही. ओट्यावर बसायची, आईशी तासभर गप्पा मारायची, पण चहा विचारला की म्हणायची, ‘आत्ताच पिऊन आले गं.’ इतकी वर्षं ती आत्ताच पिऊन येत होती. आईला हे बरोब्बर माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवशी तिच्या भाच्याचा साखरपुडा होता. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसाला तेल लावून निघाली होती. खिडकीशी आली, माझं तोंड बघितलं आणि एक प्रश्न न विचारता दारातून थेट आत आली. आमच्या घरात ती पहिल्यांदा आत आली.

‘आई कुटं?’

‘गेली.’

‘बरं,’ आत्या म्हणाली. ‘माजं हात म्हशींचं हायेत बाई. चालतील का तुला?’

मला चालणार होते. मला तेव्हा कुणाचेही चालले असते.

तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, भिंतीला टेकवून मला बसवलं, पायाखाली गोधडी सरकवली. मी दात आवळले की माझ्या गालावर चापट मारायची. ‘दात नगंस खाऊ. त्वांड उघड. हां हां हां हां, आली बघ, आली माजी बाय.’ हेच ती म्हशीला म्हणते, मी ऐकलेलं आहे. रागावायला वेळ नव्हता. मी तिचं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी ते काळंनिळं झालं होतं. तिसऱ्या का चौथ्या कळेला काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि सगळं एकदम मोकळं झालं. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. आत्यानं बाळाची पाठ चोळली. मग बाळ रडलं.

‘पोरगी हाय,’ आत्या म्हणाली. ‘धडधाकट हाय. कापड कुटं हाय?’

कापड वरच्या वाडीवर गेलं होतं. मी तेवढं सांगू शकले नाही, रडायला लागले. आत्यानं इकडे तिकडे बघितलं. मग स्वतःचा पदर दातांत धरला, टर्रकन फाडला, आणि माझ्या लेकीला त्या हिरव्या कापडात गुंडाळून माझ्या छातीवर ठेवलं. मऊ होतं ते. वर्षानुवर्षं धुतलेलं.

आईचा फोन आला तेव्हा आत्यानंच उचलला. ‘ताई, मोकळी झाली गं लेक.’ मग आईचा आवाज आला, मला लांबूनही कळला. ‘नाळ?’

‘हाय तशी हाय. मी काय तिला हात लावला न्हाई.’

‘लावू नका. आले.’

वाट बघताना आत्या स्वयंपाकघरात गेली. डबे हुडकून तिनं चहा केला, मला बशीतून पाजला आणि उरलेला स्वतः प्याली, आमच्या घरच्या कपातून.

आई रिक्षा घेऊन आली. भावकीतल्याच एकाची रिक्षा होती. आत येऊन तिनं आधी बाळ बघितलं: रंग, श्वास, हातपाय. मग माझं रक्त बघितलं. तिथं तिचं काही चुकलं नाही, हे मला म्हणायलाच हवं. मी वाट बघत होते की ती आता माझ्या तोंडावरून हात फिरवेल. रडेल तरी. ‘चुकलं गं माझं’ म्हणेल. आई सरळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, ‘कुणाकुणाला कळलंय?’

‘कुणालाच न्हाई,’ आत्या म्हणाली.

‘मग आत्या, तुमी हितं न्हवता.’

आत्यानं आपल्या फाटक्या पदराकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘न्हवते तर न्हवते बाई. दोघी सुखरूप हायेत न्हवं?’

ती बाहेर पडली. पदर फाटलेला, त्यामुळे साखरपुड्याला गेलीच नाही, घराकडे वळली.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर होते मी. नर्सबाईंनी विचारलं, कुठं झालं, कुणी केलं? घरी बोलताना माझी आई आमच्या मावळी बोलीत बोलते. कामावर असली की तिची भाषा बदलते, छापील होते. ती त्याच छापील भाषेत म्हणाली, ‘वाटेत प्रसूती झाली, सिस्टर. फाटकाजवळ रिक्षा थांबली होती. मी सोबत होते, मीच बाळ हातात घेतलं.’ रिक्षावाल्यानं मान हलवली. नर्सबाई म्हणाल्या, ‘नशीब हिचं, आई बरोबर होती.’

मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला सोडून गेली ते मी कदाचित गिळलं असतं. तिला अंदाज आला नाही, चूक झाली, माणसाकडून होते. पण मी तिथं जिवंत पडलेली असताना, अंगावर आत्याच्या लुगड्याचा तुकडा असताना, ती माझ्याच डोक्यावरून खोटं बोलली. ती जागा तिची होती आणि तिनं ती रिकामी सोडली होती. आता परत येऊन ती त्या जागेवर बसली होती, जणू कधी उठलीच नव्हती.

नवरा आला तेव्हा त्याच्या हाताला कांद्याचा वास होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो बाळाकडेच बघत होता. म्हणाला, ‘आता सगळं नीट आहे ना? मग कशाला उकरून काढायचं? आई आहेत शेवटी.’ चांगला माणूस आहे. पण त्या दिवशी तोही माझ्या बाजूला आला नाही.

मग सुरू झालं बाळंतीण म्हणून माझं कौतुक. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजेखाली शेगडी. आईनं काही म्हणता काही कमी केलं नाही. ती वाटी पुढे करायची, मी खायचे, आणि प्रत्येक घासाला मला वाटायचं, हे तोंड बंद ठेवायला आहे. तेल-पाण्याला रोज आत्या यायची. आईला फेऱ्या असायच्या, म्हणून तिनंच बोलावलं होतं तिला. न्हाणीत आत्या पाय लांब करून बसायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची, आणि आई घरात नाही असं बघून हळूच म्हणायची, ‘माज्या हातावरची हाय ही.’ आई असली की काही म्हणायची नाही.

एकदा मी आईला विचारलंच. दुपार होती, बाळ झोपलेलं, आई माझ्या केसांना धुरी देत होती.

‘का खोटं बोललीस?’

तिनं धुपाटणं खाली ठेवलं. आधी म्हणाली, ‘आशाताईच्याच घरात घरी बाळंतपण झालं तर लोक माझं ऐकतील का? मी चौदा वर्षं गावाला काय सांगत आले?’ मी म्हटलं, ‘तेवढंच नाही.’

मग ती घरच्या बोलीत आली. ‘माजी आई सुईण व्हती, तुला म्हायती हाय. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर झाली. परसदारानं जायची, परसदारानं यायची. तिला लांबूनच ताट सरकवायची. पोर हातात द्यायला ती चालायची, पान्याला शिवायला न्हाई. मी पुढच्या दारानं जाते, खुर्चीवर बसते. आन् माज्याच घरात, मी नसताना, त्यांच्यातल्या बाईनं माज्या लेकीचं बाळंतपण केलं? त्यांचंच उपकार आमच्यावर? हे मी मिटिंगमधे सांगू?’

हे ऐकून माझा राग अर्धा व्हायला हवा होता. आजीचं ते लांबून सरकवलेलं ताट मी कधी बघितलं नव्हतं, पण त्या क्षणी ते आमच्या दोघींमधे होतं. मग मी खरा प्रश्न विचारला.

‘ते जाऊ दे. मला टाकून का गेलीस?’

आईनं धुपाटणं परत उचललं. ‘ती परकी व्हती,’ ती म्हणाली. ‘परकीला थांब म्हणता येत न्हाई. तू माजी हायेस.’

म्हणजे आपल्या माणसाला थांबवून ठेवता येतं. लहानपणापासून मी हेच करत आले होते, फक्त त्याला नाव आज मिळालं. मी तोंड भिंतीकडे केलं आणि झोपेचं सोंग घेतलं.

नामकरण झालं. त्रिशरण-पंचशील झालं, पेढे वाटले. मग आईनं रिक्षावाल्याला पुढे बोलावून टॉवेल-टोपी दिली. त्यानं हात जोडून ती घेतली. थोडा लाजला, तेवढीच त्याची लाज. बाळंतपण करणाऱ्या बाईला लुगडं-चोळी द्यायची रीत आमच्याकडे आजीच्या काळापासूनची. आत्या बायकांच्यात, मागच्या ओळीत बसली होती. अंगावर तेच हिरवं लुगडं. फाटलेल्या पदराच्या जागी तिनं कुठल्यातरी जुन्या लुगड्याचा जांभळा तुकडा जोडला होता. तिच्याकडे ठेवणीतलं ते एकच होतं. मला वाटलं, आई आता तरी तिला एक लुगडं देईल, कसल्याही निमित्तानं, तेल-पाण्याच्या निमित्तानं का होईना. आईनं तिला सगळ्यांसारखा पेढा दिला.

गोष्ट पसरत गेली. लेक चार महिन्यांची झाली तेव्हा महिला दिन आला. सोमाटण्याला एका मंगल कार्यालयात मोठा कार्यक्रम होता, तालुक्यातल्या कामसू बायकांचे सत्कार, आणि त्यात माझी आई. गावातून जीप भरून बायका निघाल्या. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, बाळाला घेऊन यायलाच सांगितलंय. मग मी जायचं ठरवलं, आणि ठरवताना आणखी एक ठरवलं. मला बोलायला सांगितलं तर मी खरं बोलणार होते. वाक्यंही जुळवली होती. आई कामावर होती, म्हणायचं, तिला दोष नाही, पण माझं बाळंतपण आत्यानं केलं. ती बघा, तिथं बसलीय. एवढंच. चार वाक्यं. जीपमधे आत्या माझ्या शेजारी होती, बाळ तिच्या मांडीवर. तिला मी काही सांगितलं नाही. तिला उभं राहायला सांगतील, टाळ्या वाजतील, हे मनात बघत मी सोमाटण्यापर्यंत गेले.

स्टेजवर आईच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ, फुलांचा गुच्छ. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी फाटकाची, रिक्षाची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, ‘आणि त्यांची लेक इथं आहे! या ताई, दोन शब्द बोला.’ मी बाळ आत्याच्या हातात दिलं आणि वर गेले.

माईक गरम होता, कुणाकुणाच्या हातांनी. मी आईकडे बघितलं. तिला कळलं होतं. आई माणसाच्या पोटावर हात ठेवून आत काय चाललंय ते ओळखते; माझ्या तोंडावरचं तिला कळणारच. मला वाटलं ती डोळ्यांनी दटावेल, किंवा विनवेल. तिनं यातलं काही केलं नाही. ती आपल्या चपलांकडे बघत उभी होती, शाल घसरत होती तरी सावरत नव्हती. थांबली होती. पहिल्यांदाच ती माझ्यासाठी थांबली होती.

मी म्हणाले, ‘आई होती म्हणून सगळं नीट झालं.’

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. आई माझ्याकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यात असं काहीतरी होतं, ज्यासाठी मी आयुष्यभर अर्ध्या कच्च्या भाकऱ्या उलटल्या होत्या. मी आणखी बोलले. कुणी विचारलं नव्हतं.

‘त्या वेळेला माझ्याजवळ दुसरं कुणीही नव्हतं,’ मी म्हणाले.

सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. सगळ्या बायका वाजवत होत्या. मागच्या रांगेत मला हिरवं लुगडं आणि जांभळा पदर दिसला. आत्या टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या दोन्ही हातांत माझी लेक होती.